सेटअप फाउंड्रीत देण्याआधी: लायसन्सची झाडाझडती

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या फाउंड्र्यांसाठी आम्ही हीट रजिस्टरचं सॉफ्टवेअर करतो. फर्नेसमधून निघणाऱ्या प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा) नंबर, तिचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूत काय किती आहे त्याची तपासणी), कोणत्या पॅटर्नच्या किती कास्टिंग ओतल्या याची नोंद आणि माल रवाना होताना सोबत जाणारं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, एवढा त्याचा पसारा. सुरुवातीला हे सगळं आमच्या सर्व्हरवर होतं आणि फाउंड्रीतली माणसं ब्राउझरमधून वापरायची. फर्नेसजवळ नेट टिकत नाही म्हणून डेस्कटॉप आवृत्ती केली, ती पेनड्राइव्हवरून बसवायला लागलो, आणि शेडमधल्या भिंतीवर चालू हीट दाखवायला रास्पबेरी पायचा (तळहाताएवढा संगणक) एक डबाही लावला. लायसन्सचं गणित त्याच दिवशी बदललं होतं, ते आमच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते एका फाउंड्रीच्या निर्यातीच्या गिऱ्हाइकामुळे. सर्टिफिकेट ज्या सॉफ्टवेअरमधून छापलं जातं त्यातल्या सगळ्या घटकांची नावं, आवृत्त्या आणि लायसन्स कळवा, असं त्यांनी मागितलं. फाउंड्रीतल्या सुपरवायझरचं म्हणणं, "आमाला सर्टिफिकेट छापून आलं की बास." पण यादी द्यायचीच होती. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (प्रोग्रॅमला लागणाऱ्या बाहेरच्या पॅकेजेसची यादी) १९ ओळी होत्या, तेव्हा दुपारभराचं काम असेल असं वाटलं. लागले सहा आठवडे.

आधी मूळ मुद्दा. जीपीएल हे लायसन्स सांगतं: मोकळेपणी वापरा, बदला, पण पुढे दिलंत तर त्याच अटींवर मूळ कोडसकट द्या. कोड आपल्या सर्व्हरवर आहे तोवर जीपीएल झोपलेलं असतं. प्रत दुसऱ्याच्या हातात गेली की ते जागं होतं. पेनड्राइव्ह, डाउनलोडची लिंक, डब्यातलं एसडी कार्ड, हे सगळं वितरणच. त्याच घरातल्या एजीपीएलचं तेवढं वेगळं: त्याच्या कलम १३ प्रमाणे तुम्ही प्रोग्रॅममध्ये बदल केला असेल, तर नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स (मूळ कोड) मिळायला हवा. त्यामुळे "आमच्याकडे चार वर्षं हेच चालू होतं" या वाक्याला काही अर्थ नाही. तेव्हा आपण कुणाला काही देत नव्हतो.

यादीसाठी पहिल्यांदा पिप-लायसन्सेस (पायथन पॅकेजेसचं लायसन्स छापणारं साधन) चालवलं. ते पॅकेजच्या माहितीत लेखकाने जे लिहिलंय तेच छापतं, आणि तिथेच फसगत होते. कुठे लायसन्सचा रकाना रिकामा, कुठे नुसतं "जीपीएल", आवृत्तीचा पत्ता नाही. सगळ्यात शिकवलं ते ओपनसीव्हीने. ओतकामाच्या कॅमेऱ्यासाठी घेतलेलं ओपनसीव्ही-पायथन (चित्रं वाचणारी लायब्ररी) यादीत साधंसोपं, अपाचेचं म्हणून दिसतं. पण त्याच्या व्हीलमध्ये (तयार पॅकेजच्या फाइलमध्ये) व्हिडिओसाठीचं एफएफएमपेग येतं, ते एलजीपीएल २.१ खाली. एलजीपीएल म्हणजे जीपीएलचा लायब्ररींसाठीचा सौम्य भाऊ. लिनक्सच्या साध्या व्हीलमध्ये तर क्यूटीही (पडद्यावरच्या खिडक्या-बटणांची लायब्ररी) येतं, एलजीपीएल ३ खाली. म्हणजे एक ओळ आणि आत तीन लायसन्स.

म्हणून रिक्वायरमेंट्सची फाइल बाजूला ठेवली आणि सेटअप बांधल्यावर तयार होणारा फोल्डर उघडला. गिऱ्हाइकाच्या मशीनवर जातो तो हा फोल्डर, तपासायचाही हाच. त्यातली प्रत्येक डीएलएल, प्रत्येक पीवायडी (दोन्ही तयार कोडच्या लायब्ररी फायली), प्रत्येक टीटीएफ (फॉन्ट) एक्सेलमध्ये उतरवली. स्कॅनकोड (फायलींतलं लायसन्स शोधणारं साधन) सोर्स फायलींवर छान चालतं, पण बायनरीत (मशीनसाठी तयार झालेल्या फाइलमध्ये) त्याला फारसं हाती लागत नाही. तिथे डीएलएलच्या प्रॉपर्टीजमधून आवृत्ती बघून मूळ प्रकल्पापर्यंत हातानेच जावं लागतं. रकाने असे ठेवले: फाइल, आवृत्ती, लायसन्स, "फक्त हीच आवृत्ती की नंतरचीही", जोडणी कशी (त्याच प्रोसेसमध्ये, वेगळा प्रोग्रॅम म्हणून, की नुसता फॉन्ट वा डेटा), आणि गिऱ्हाइकाला जाते का. यातल्या चौथ्या रकान्याने आमची सगळ्यात जास्त झोप उडवली.

कारण लायसन्स भांडतात ती तिथे. एमआयटी, बीएसडी यांचं मागणं थोडं: कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत द्या. त्यांचं कुणाशी बिनसत नाही. जीपीएल म्हणतं, जोडून झालेली सगळी कृती माझ्याच अटींवर द्या आणि वर नवी अट घालू नका. आता दुसऱ्या घटकाच्या लायसन्समध्ये एखादी जास्तीची अट असली, की दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. अपाचे २.० मध्ये (जानेवारी २००४) पेटंटचा दावा लावणाऱ्याचा पेटंट-हक्क काढून घेणारं कलम आहे. जीपीएल २ (जून १९९१) मध्ये तसं कलम नाही, म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या (जीपीएल लिहिणाऱ्या संस्थेच्या) मते या दोघांचं जमत नाही. जीपीएल ३ ने (जून २००७) ती अट सामावून घेतली, तिथे जमतं. ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३.० सप्टेंबर २०२१ मध्ये अपाचे २.० खाली आलं तेव्हा पुष्कळांना वाटलं, जुनं जाहिरातीच्या कलमाचं (जाहिरातीत आमचं नाव घ्या, या अटीचं) भांडण मिटलं. जीपीएल ३ वाल्यांचं मिटलं. "फक्त २" वाल्यांचं एक भांडण जाऊन दुसरं आलं.

आणि सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे जीपीएल २ आणि जीपीएल ३ यांचंही आपसात पटत नाही. "२ किंवा नंतरची कोणतीही" असं लिहिलेलं असेल तर प्रश्न नाही, ३ निवडायचं. "फक्त २" असेल तर दार बंद. हे वाचून कळलं होतं. अंगावर आलं ते ड्रॉइंग दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये.

पॅटर्न शॉपला कास्टिंगचं ड्रॉइंग स्क्रीनवर बघायचं असतं. गिऱ्हाईक ते डीडब्ल्यूजीत (ऑटोकॅडच्या फाइल-प्रकारात) पाठवतं. आम्ही सी प्लस प्लसमध्ये एक वेगळा ड्रॉइंग-दर्शक केला होता; चित्र काढायचा कोड लिब्रेकॅडमधून (मुक्त ड्रॉइंग प्रोग्रॅम) उचललेला, डीडब्ल्यूजी वाचायला लिब्रेडीडब्ल्यूजी जोडलेली. दर्शकात लपवण्यासारखं काही नाही, सोर्स उघडा करून जीपीएलखाली देऊन टाकू, अशी तयारी होती. तरीही देता येईना. लिब्रेकॅड क्यूकॅडच्या कम्युनिटी आवृत्तीवरून आलं, आणि ती जीपीएल २ खाली होती. पुष्कळ फायलींच्या माथ्यावर आवृत्ती २ चा उल्लेख आहे आणि त्यापुढे "किंवा नंतरची" हे शब्द नाहीत. काही फायलींत आहेत, काहींत नाहीत, म्हणून फाइलगणिक माथा वाचावा लागतो. लिब्रेडीडब्ल्यूजी मात्र जीपीएल ३ किंवा नंतरची. एक म्हणतं सगळं २ खाली द्या, दुसरं म्हणतं ३ खाली द्या. दोन्ही मुक्त, दोन्ही ग्नूच्याच परवान्यांतली, आणि दोघांची मिळून बनलेली एक्झी (चालणारी प्रोग्रॅम फाइल) कुणालाच देता येत नाही. स्वतः लिब्रेकॅडवाले याच भिंतीवर आदळले होते आणि त्यांनी डीडब्ल्यूजी आणि डीएक्सएफ (ड्रॉइंगचाच दुसरा फाइल-प्रकार) वाचायला लिबडीएक्सएफआरडब्ल्यू ही वेगळी लायब्ररी उभी केली.

तोडगा काढला तो जोडणी तोडून. लिब्रेकॅडचा कोड पूर्ण काढला. लिब्रेडीडब्ल्यूजीसोबत डीडब्ल्यूजी-टू-डीएक्सएफ हा कमांडवर चालणारा स्वतंत्र प्रोग्रॅम येतो. तो जसाच्या तसा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला, शेजारी त्याचं लायसन्स आणि त्याच आवृत्तीचा सोर्स. आमचा प्रोग्रॅम त्याला फाइल देतो, तो डीएक्सएफ लिहून बंद होतो. पुढे ती डीएक्सएफ ईझेडडीएक्सएफने वाचायची (एमआयटी), एसव्हीजी करायची आणि दाखवायची. एकाच पेनड्राइव्हवर दोन स्वतंत्र प्रोग्रॅम शेजारी बसले तर जीपीएलची हरकत नसते. मात्र "स्वतंत्र" हे मनापासून हवं. मधे नावापुरती एक एक्झी टाकून आतल्या रचना एकमेकांत वाटत बसलात, तर ते वेगळेपण टिकेल असं मी धरून चालणार नाही.

यात एक दगड लागला. ड्रॉइंगचा फोल्डर "पॅटर्न नकाशे" असा मराठी नावाचा असला की रूपांतर गप्प बसायचं, डीएक्सएफ रिकामी. विंडोजवर तो प्रोग्रॅम फाइलचं नाव जुन्या कोडपेजमधून (देवनागरी नसलेल्या अक्षरतक्त्यातून) घेत होता. आता फाइल आधी इंग्रजी नावाच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये कॉपी करतो, मग रूपांतर.

मुख्य प्रोग्रॅमचा पडदा पायक्यूटी ५ वर (पायथनमधून क्यूटी वापरायची सोय) होता. पायक्यूटी जीपीएल ३ खाली, नाहीतर पैसे देऊन व्यावसायिक परवाना. आमचा मुख्य कोड बंद, म्हणजे दोनच वाटा: परवाना विकत घ्या किंवा पायसाइड ६ या तशाच दुसऱ्या सोयीवर जा, जी एलजीपीएल ३ खाली मिळते. आम्ही दुसरी धरली. सिग्नल आणि स्लॉटची नावं बदलणं, एक्झेकच्या शेवटची अंडरस्कोर काढणं हे एका दिवसात शोध-बदल करून झालं. अडकलो पडद्याच्या यूआय फायलींवर (खिडकीची मांडणी यांत असते). पायक्यूटीचं लोडयूआय सगळी बटणं थेट आपल्या खिडकीवर आणून बसवतं. पायसाइडचं यूआयलोडर नवीन वस्तू परत देतं, त्यामुळे जुना सगळा कोड "बटण सापडत नाही" म्हणून पडतो. पायसाइडच्या यूआयसीने त्या फायलींचा पायथन कोड आधीच करून घेतला की हा त्रास संपतो.

इथे एक बारीक खाच आहे. पायसाइड घेतलं म्हणजे सगळं एलजीपीएल, असं नाही. क्यूटी चार्ट्स उघड्या परवान्यात फक्त जीपीएल ३ खाली आहे. कार्बन-सिलिकॉनचे आलेख आम्ही त्यातच काढत होतो. पायसाइड ६ नुसतं बसवलं तर एसेन्शियल्स आणि अ‍ॅडऑन्स दोन्ही येतात, चार्ट्स अ‍ॅडऑन्समध्ये. म्हणून आता फक्त एसेन्शियल्स बसवतो आणि आलेख पायक्यूटीग्राफने काढतो. नावात पायक्यूटी असलं तरी हे एमआयटी आहे आणि पायसाइडवर चालतं. पण मशीनवर जुनं पायक्यूटी राहिलं असेल तर ते त्यालाच पकडू शकतं, म्हणून सेटअप नेहमी कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधून बांधायचा.

एलजीपीएल ३ फुकट सोडत नाही. वापरणाऱ्याला क्यूटीच्या डीएलएल बदलून स्वतःच्या घालता आल्या पाहिजेत. पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रॅमचा सेटअप बांधणारं साधन) सगळं एका एक्झीत कोंबण्याची सवय होती. ती सोडली आणि उघड्या फोल्डरची पद्धत घेतली, डीएलएल सुट्या दिसतात. एलजीपीएलचा आणि जीपीएलचा असे दोन्ही मजकूर सोबत द्यावे लागतात, एक पुरत नाही. आणि आमच्या करारनाम्यात कुठूनतरी उचललेलं वाक्य होतं, "रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई". ते एलजीपीएलच्या थेट विरोधात जातं, कारण लायब्ररी बदलल्यावर दोष शोधण्यापुरतं ते करू द्यावंच लागतं. त्या वाक्याला अपवाद जोडला. सेटअप डाउनलोडने दिला तर क्यूटीचा सोर्सही लिंकने देता येतो, दुसऱ्याच्या सर्व्हरवरचाही चालतो, पण ती लिंक मेली तर जबाबदारी आपली. म्हणून त्या आवृत्तीचा सोर्स उतरवून आमच्याकडेही ठेवलाय.

पीडीएफचं प्रकरण मराठी माणसालाच कळेल असं. सर्टिफिकेट पायम्यूपीडीएफने व्हायचं, ते एजीपीएल. घोस्टस्क्रिप्टने फाइल बारीक करायचो, तेही २०१३ पासून एजीपीएल. दोन्ही काढायचे ठरले. रिपोर्टलॅब बीएसडीचं म्हणून लावून बघितलं. इंग्रजी उत्तम. मराठीत आमच्या आवृत्तीत पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडायची: "किलो"मधली वेलांटी क आणि लो यांच्या मधे, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. देवनागरीला अक्षरं नुसती ओळीने मांडून भागत नाही, फॉन्टमधले नियम लावून त्यांची घडण करावी लागते. ते काम क्यूटीच्या आत हार्फबझ आधीपासून करत होतं. मग सर्टिफिकेट क्यूटीच्याच टेक्स्ट डॉक्युमेंटमध्ये मांडून क्यू-पीडीएफ-रायटरने छापलं आणि स्पेक्ट्रोची पीडीएफ मागे जोडायला पायपीडीएफ (बीएसडी) घेतलं. फाइल पूर्वीपेक्षा थोडी जड होते. चालतंय.

फॉन्टकडे कुणी बघत नाही. आमच्या सेटअपमध्ये मंगल होता, विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून सरळ उचललेला. मराठी भाषा घातलेल्या विंडोजवर तो असतो, तिथे द्यायची गरज नव्हती. पायच्या डब्यासाठी घातला होता, आणि तो मायक्रोसॉफ्टचा, वाटता येत नाही. त्याऐवजी "मुक्त" नावाचा फॉन्ट घेतला, एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स १.१ खाली. प्रोग्रॅमसोबत देता येतो, त्यातून आपल्या कोडवर काही चढत नाही. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही आणि लायसन्सची फाइल सोबत ठेवायची. आकार कमी करायला फॉन्टमधली नको ती अक्षरं कापणार असाल तर आधी लायसन्सच्या पहिल्या ओळी वाचा: तिथे राखीव नाव दिलेलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव चालत नाही. शिवाय "मुक्त"च्या ओळीची उंची मंगलसारखी नाही. सर्टिफिकेटचे रकाने सरकले आणि सहीची जागा दुसऱ्या पानावर गेली, ते दुरुस्त करायला लायसन्सपेक्षा जास्त वेळ गेला.

बाकीचं पटकन सांगतो. मायएसक्यूएल कनेक्टर (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) जीपीएल २ चा. त्यातली सवलत मुक्त लायसन्सच्या सॉफ्टवेअरसाठी आहे, आमच्या बंद कोडला तिचा उपयोग नाही. पायमायएसक्यूएल (एमआयटी) घातलं, दोन ओळी बदलल्या. एफएफएमपेगची सुटी एक्झीही एका जागी सापडली. तिला लायसन्स विचारलं तर तिनेच छापलं की यात नॉनफ्री भाग आहेत, ही वाटता येणार नाही. असली एक्झी बांधणाऱ्याने स्वतःपुरती बांधलेली असते. ती काढून टाकली.

पायचा डबा वेगळाच निघाला. तिथे आमच्या कोडपेक्षा जास्त दुसऱ्यांचं, आणि लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) जीपीएल २, फक्त २. कार्ड गिऱ्हाइकाला दिलं की सोर्स द्यायचा. जीपीएल २ मध्ये धंद्यासाठी देणाऱ्याला दोन मार्ग: सोर्स सोबतच द्या, किंवा किमान तीन वर्षं चालणारी लेखी हमी द्या की मागणाऱ्या कुणालाही प्रत करण्याच्या खर्चात सोर्स देऊ. "सगळं नेटवर आहे की" हे त्यात बसत नाही. आम्ही पहिला मार्ग घेतला, डब्याबरोबर दुसरा पेनड्राइव्ह. तीन वर्षं कुणाचं पत्र येतंय याकडे लक्ष ठेवण्यापेक्षा हे बरं.

पण सोर्स म्हणजे त्याच आवृत्तीचा सोर्स. डीपीकेजी-क्वेरीने (काय काय बसलंय ते सांगणारी कमांड) प्रत्येक पॅकेजच्या सोर्सचं नाव आणि आवृत्ती काढली, एकसारख्या ओळी गाळल्या, मग एपीटीला (पॅकेज उतरवणाऱ्या कमांडला) सोर्सच्या ओळी चालू करून ती-ती आवृत्ती उतरवायला लावली. पहिल्या खेपेला इमेज (कार्डावर उतरवायची पूर्ण प्रत) करून महिना झाला होता. बऱ्याच आवृत्त्या सर्व्हरवरून गेलेल्या, ४०४. डेबियनच्या (पायचं लिनक्स ज्यावर उभं आहे) जुन्या आवृत्त्या त्यांच्या स्नॅपशॉट संग्रहात सापडतात, रास्पबेरी पायवाल्यांची स्वतःची पॅकेजेस तिथे मिळतीलच असं नाही. शेवटी इमेज पुन्हा केली आणि सोर्स त्याच दिवशी उतरवला. आता इमेजची स्क्रिप्ट आणि सोर्सची स्क्रिप्ट एकामागोमाग चालतात. दुसरी पडली तर पहिलीची इमेज पुसली जाते. डेस्कटॉपऐवजी लाइट इमेज घेतल्याने यादी निम्म्याहून कमी झाली. पायचं फर्मवेअर मुक्त नाही, पण रास्पबेरी पायवर वापरण्यापुरतं वाटता येतं. तेही यादीत लिहिलं.

एक कोपरा घरातलाच. बारकोडचा भाग आम्ही बाहेरच्या मुलाकडून कामापुरते पैसे देऊन करून घेतला होता. नोकरीत असलेल्याने लिहिलेला कोड कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मालकाचा होतो. बाहेरच्याचा होत नाही, पैसे दिले तरी. हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. आणि कलम १९ असं सांगतं की मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ज्या फाउंड्रीचा माल परदेशी जातो तिथे हा दुसरा शब्द विसरून चालत नाही. दोन्ही लिहून सही घेतली.

यादी एसपीडीएक्सच्या साच्यात (सॉफ्टवेअरच्या घटकांच्या याद्यांसाठी ठरलेला नमुना) दिली. आयएसओ ५९६२ म्हणून २०२१ पासून तो साचा मान्य आहे आणि त्यात "जीपीएल २ फक्त" आणि "जीपीएल २ किंवा नंतरची" यांना वेगळी नावं आहेत. मागणाऱ्याने पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

उरल्या त्या जुन्या आवृत्त्या. जीपीएल २ मोडलं की कलम ४ प्रमाणे हक्क तिथेच संपतो, परत मिळण्याची सोय लिहिलेली नाही. जीपीएल ३ च्या कलम ८ मध्ये आहे: उल्लंघन थांबवलं आणि त्यानंतर ६० दिवसांत हक्कधारकाने नोटीस दिली नाही, तर परवाना कायमचा परत येतो. पायक्यूटीच्या बाबतीत ते दिवस आम्हाला मोजता येणार होते. नवा सेटअप सगळीकडे जाऊन बसवला, जुने पेनड्राइव्ह गोळा केले आणि वहीत तारीख लिहिली. पंधरा दिवसांनी एका फाउंड्रीतून फोन, "नवीन पीसी घेतलाय, सेटअप टाकला, पण पडदा जुनाच दिसतोय." सेटअप कुठून घेतला विचारलं, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्याच कुणीतरी टाकलेली ड्राइव्हची लिंक, अजून जिवंत. लिंक बंद केली, वहीतली तारीख खोडली, त्या दिवसाची लिहिली.